होम सर्व्हरची यूएसबी बूट ड्राइव्ह मध्येच गायब होते? तपास कोणत्या क्रमाने करायचा

रात्री सगळं नीट चालू असतं. सकाळी बघावं तर एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर शिरण्याची पद्धत) लागत नाही, किंवा लागलं तरी साधी यादी काढायची कमांड ‘इनपुट/आउटपुट एरर’ म्हणते. अशा वेळी बहुतेक जण आधी एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवतात, ते जमलं नाही तर सिस्टिम नव्याने टाकतात आणि शेवटी वैतागून नवी ड्राइव्ह आणतात. आठ दिवसांनी नवी ड्राइव्हही तशीच गायब होते, कारण दोष अडॅप्टरमध्ये किंवा अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये होता आणि तिथे कुणी बघितलंच नाही.

हा क्रम उलटा करायचा आहे: आधी पुरावा, मग वीज, मग केबल आणि पोर्ट, मग एन्क्लोजरमधली (ड्राइव्हच्या बाहेरच्या डबीतली) चिप, त्यानंतर ड्राइव्ह आणि सगळ्यात शेवटी फाइल सिस्टिम. पुढची माहिती रास्पबेरी पाय ४ आणि ५ (एकाच बोर्डावरचे छोटे कॉम्प्युटर, पुढे नुसतं ‘पाय’), तसंच डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर चालणारे मिनी पीसी आणि जुने लॅपटॉप धरून दिली आहे. अनरेड या सर्व्हर सिस्टिमचं प्रकरण वेगळं असल्याने ते शेवटी घेतलं आहे.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन लिपीत, छोट्या अक्षरांतच टाईप करा.

## तयारी

एवढं हाताशी ठेवा:

- पाऊण मीटरपेक्षा आखूड, खात्रीची यूएसबी ३ केबल. ‘चार्जिंगला चालते’ एवढी खात्री पुरत नाही.
- बोर्डाचा अधिकृत अडॅप्टर.
- बूट ड्राइव्हची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) मावेल अशी दुसरी डिस्क.
- पाय असेल तर त्याच सिस्टिमचं वेगळं एसडी कार्ड. त्यावरून बूट केलं की संशयित ड्राइव्ह माउंट न करता, म्हणजे तिच्या फाइली वापरात न आणता, तपासता येते.
- एक वही. होय, कागदाचीच.

वहीत तारीख, वेळ आणि केलेला एकच बदल लिहायचा. केबल, पोर्ट आणि अडॅप्टर एकाच संध्याकाळी बदलले तर सर्व्हर सुधारतो, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि खराब केबल ड्रॉवरमध्ये जाऊन पुढच्या वर्षी परत बाहेर येते. प्रत्येक बदलानंतर किती थांबायचं याचा ढोबळ हिशोब असा: दोष साधारण दोन दिवसांनी येत असेल तर निदान सहा दिवस थांबा. एक रात्र शांत गेली म्हणजे दोष गेला असं नाही.

## टप्पा १: रीस्टार्ट करण्याआधी पुरावा पकडा

इथली अडचण अशी की ज्या ड्राइव्हवर लॉग लिहिला जातो तीच ड्राइव्ह गेलेली असते. स्वतःचा शेवट तिला नोंदवता येत नाही. म्हणून रीस्टार्टनंतर जर्नलमध्ये (सिस्टिमच्या साठवलेल्या लॉगमध्ये) शोधलं तर नेमक्या त्या क्षणाच्या आधीच नोंदी थांबलेल्या दिसतात आणि ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने सर्व्हरवर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदी दाखवणारी डीमेसेज ही कमांड (डी, एम, ई, एस, जी) सुडोसह (ॲडमिनच्या अधिकाराने) आणि ‘फॉलो’ पर्याय देऊन चालवा. तिचं आउटपुट त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलीत साठवा. सर्व्हर मेला तरी शेवटच्या ओळी तुमच्याकडे राहतात.

नोंदी हाती आल्या की त्या अशा वाचा:

एरर -७१: प्रोटोकॉल एरर. सिग्नल पोचला, पण तुटका-फाटका. संशय केबल, कनेक्टर आणि वीज यांच्यावर.

एरर -११०: वेळ संपली, डिव्हाइसने उत्तरच दिलं नाही. वीज अपुरी आहे किंवा एन्क्लोजरची चिप अडकली आहे.

एरर -३२: डिव्हाइसने ती विनंती नाकारली. एखाद-दुसऱ्या वेळी आला तर सोडून द्या.

ओव्हर-करंट: पोर्टने वीज तोडली. थेट टप्पा २ वर जा.

‘यूएएस’ (यूएसबी डिस्कशी बोलण्याची जलद पद्धत) आणि ‘अबॉर्ट हँडलर’ असलेल्या ओळी: टप्पा ४ ची शक्यता मोठी, पण मधले टप्पे गाळायचे नाहीत.

एररच्या आकड्याइतकंच वेळेकडेही लक्ष द्या. आधी काहीही नसताना एकदम ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आलं तर वीज किंवा कनेक्टर क्षणभर सुटला. ‘रीसेट’च्या ओळी साधारण तीस-तीस सेकंदांच्या अंतराने येत असतील तर गोष्ट वेगळी: लिनक्स डिस्कच्या उत्तरासाठी मुळात ३० सेकंद थांबतं, म्हणजे दर वेळी एक कमांड कुठेतरी गिळली जाते आहे. आणि ‘मीडियम एरर’ पुन्हा पुन्हा त्याच सेक्टरवर येत असेल तर ड्राइव्ह खरंच गेली असण्याची शक्यता आहे. सेक्टर दर वेळी बदलत असतील तर ड्राइव्हला इतक्यात दोष देऊ नका.

तपासा: डिस्कनेक्टनंतर काही सेकंदांत तीच ड्राइव्ह ‘एसडीए’ऐवजी ‘एसडीबी’ नावाने परत आली का? आली असेल तर ड्राइव्ह जिवंत आहे. सिस्टिम मात्र जुन्या नावालाच चिकटून बसते, त्यामुळे रीस्टार्टशिवाय ती सावरणार नाही.

## टप्पा २: वीज

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात. एसएसडीच्या लेबलवर १ अँपिअरच्या पुढचा आकडा असेल आणि शेजारी आणखी एखादी हार्ड डिस्क लटकवली असेल, तर हिशोब तिथेच संपला. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा अडॅप्टर मिळाला नाही तर तो सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो; योग्य अडॅप्टरवर हाच आकडा १.६ अँपिअर होतो.

‘माझा तर ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. ते ६५ वॉट २० व्होल्टवर असतात. ५ व्होल्टवर असे चार्जर सहसा ३ अँपिअरच देतात, आणि बोर्डाला हवेत ५ व्होल्टच.

पायवर व्हीसीजेनसीएमडी ही कमांड ‘गेट_थ्रॉटल्ड’ जोडून चालवा. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेग कमी करावा लागला होता. ०एक्स५०००५ म्हणजे तेच आत्ता, या क्षणी चालू आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ही नोंद होते आणि रीस्टार्ट होईपर्यंत पुसली जात नाही. म्हणून रीस्टार्ट केल्या केल्या ही कमांड चालवून ‘सगळं छान’ म्हणू नका. ड्राइव्हवर आठ-दहा जीबीची फाइल लिहायला लावा, त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत डीमेसेज चालू ठेवा आणि लिहून झाल्यावर तपासा.

सावधान: पाय ५ मध्ये ‘यूएसबी मॅक्स करंट’चं सेटिंग हाताने चालू करून ६०० ची मर्यादा उठवता येते. अडॅप्टर खरोखर ५ अँपिअरचा असेल तरच हे करा. नाहीतर तुम्ही फक्त फ्यूज काढून तार बांधली.

वीज बाहेरून देणारा हब लावणार असाल तर आणखी एक परीक्षा आहे. पायचा अडॅप्टर काढा, हबचा चालू ठेवा. पायचा दिवा तरीही लुकलुकत असेल तर हब उलटी वीज बोर्डात ढकलतो आहे. तो हब घड्याळं चार्ज करायला ठेवा, सर्व्हरला नको.

मिनी पीसी आणि डेस्कटॉपवर बूट ड्राइव्ह पुढच्या पोर्टला लावू नका. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून बारीक वायर गेलेली असते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात.

## टप्पा ३: केबल, पोर्ट, हब

एलएसयूएसबी ही कमांड ‘-टी’ पर्यायासह चालवली की झाडासारखी रचना दिसते. त्यात ड्राइव्हच्या ओळीत दोन गोष्टी बघा: वेग आणि ड्रायव्हर. यूएसबी ३ ची एसएसडी निळ्या पोर्टमध्ये असूनही वेग ५०००एम ऐवजी ४८०एम दिसत असेल तर जलद सिग्नलच्या तारा जुळलेल्या नाहीत. कधी कधी कारण अगदी साधं असतं: यूएसबीचा चपटा प्लग हळूहळू सरकवत घातला तर यूएसबी २ च्या पिना आधी टेकतात आणि ड्राइव्ह तेवढ्यावरच समाधान मानते. काढा आणि एका झटक्यात पूर्ण आत घाला.

क्रम असा ठेवा: आधी केबल बदला, थांबा. मग पोर्ट बदला, थांबा. मग मधला हब काढा. बूट ड्राइव्ह हबवर नसावीच, नाइलाज असेल तर तो बाहेरून वीज घेणारा असावा. एक लक्षात घ्या, पाय ४ चे चारही पोर्ट एकाच कंट्रोलर चिपवर असतात, त्यामुळे तिथे पोर्ट बदलून फक्त कनेक्टरची परीक्षा होते, कंट्रोलरची नाही.

आता एक मुद्दाम करायची चाचणी: ड्राइव्ह दोन-तीन दिवस यूएसबी २ पोर्टवर चालवा. वेग घटेल. पण एरर पूर्ण थांबले आणि टप्पा २ मध्ये वीज खरोखर पास झाली असेल, तर संशय केबलवर किंवा एन्क्लोजरच्या जलद सिग्नलवर पक्का झाला. वीज न तपासता ही चाचणी केली तर फसवणूक होते, कारण कमी वेगाला वीजही कमी लागते.

झिगबीचा (स्मार्ट बल्ब-सेन्सरशी बोलणाऱ्या रेडिओचा) डोंगल किंवा यूएसबी वायफाय याच मशीनला असेल तर तेही बघून घ्या. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने २०१२ साली यावर टिपण काढलं होतं. बल्ब आणि सेन्सर अधूनमधून ‘अनुपलब्ध’ होतात ते अनेकदा यामुळेच. डोंगल यूएसबी २ च्या एक मीटर एक्स्टेंशनवर, एसएसडीपासून लांब न्या.

## टप्पा ४: एन्क्लोजरमधली ब्रिज चिप

साटा किंवा एनव्हीएमई ड्राइव्हला यूएसबीची भाषा शिकवणारी चिप एन्क्लोजरमध्ये असते. जेमायक्रॉन, एएसमीडिया, रिअलटेक ही नेहमीची नावं. यूएएस ही जलद पद्धत यांतल्या काही चिपच्या काही फर्मवेअरना झेपत नाही. टप्पा १ मधली ‘यूएएस’ची ओळ आणि तीस सेकंदांचे रीसेट एकत्र दिसले तर दोष इथे आहे.

यूएएस फक्त त्या एका डिव्हाइससाठी बंद करता येतं:

1. एलएसयूएसबीने डिव्हाइसचा आयडी घ्या, उदाहरणार्थ जेमायक्रॉनच्या जेएमएस५७८ चा १५२डी:०५७८.
2. पायवर बूट विभागातली ‘सीएमडीलाइन’ नावाची टेक्स्ट फाइल उघडा. आधी तिची प्रत काढा.
3. ओळीच्या सुरुवातीला ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ यापुढे आयडी, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि ‘यू’ हे अक्षर लिहा. त्यानंतर एक जागा सोडा.
4. पीसीवर हेच ग्रब या बूटलोडरच्या कर्नल पर्यायांत लिहून अपडेट-ग्रब चालवा.
5. रीस्टार्ट करा आणि एलएसयूएसबीच्या झाडात ड्रायव्हर ‘यूएएस’ऐवजी ‘यूएसबी-स्टोरेज’ झाला का ते बघा.

सावधान: पायची ती फाइल एकाच ओळीची असते. मध्ये एंटर दाबलात तर पुढचं काही वाचलं जात नाही आणि मशीन बूट होत नाही. झालंच तर कार्ड किंवा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल दुरुस्त करा.

‘क्वर्क (म्हणजे वरचा पर्याय) टाका, सगळं सुटेल’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो पहिल्या पायरीवर पाळू नये. यूएएस गेलं की वेग कमी होतो, ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) सहसा बंद पडतं, आणि वेग कमी झाल्यामुळे अशक्त अडॅप्टरचा दोष काही आठवडे झाकला जातो. क्वर्कने खरंच फरक पडला तर तो तात्पुरता समजा, उत्पादकाने फर्मवेअर दिलं असेल तर टाका, नाहीतर वेगळ्या चिपचं एन्क्लोजर घ्या.

जुना लॅपटॉप सर्व्हर केला असेल तर टीएलपी किंवा पॉवरटॉप या साधनांची आपोआप वीजबचत बंद आहे ना ते बघा. बॅटरी वाचवण्याच्या नादात ही साधनं यूएसबी डिव्हाइस झोपवतात.

## टप्पा ५: आता ड्राइव्ह

आधी इमेज. एसडी कार्डावरून बूट करा, संशयित ड्राइव्ह माउंट न करता डीडीरेस्क्यू या कमांडने तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मॅप फाइल (कुठवर प्रत झाली याची नोंद) द्यायला विसरू नका. मध्येच ड्राइव्ह गायब झाली तरी त्या फाइलमुळे काम तिथूनच पुढे सुरू होतं.

मग स्मार्टसीटीएल, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी (‘स्मार्ट’) दाखवणारी कमांड. यूएसबीमागच्या साटा ड्राइव्हसाठी बहुधा ‘-डी सॅट’ हा पर्याय द्यावा लागतो. ५ क्रमांक (बदली दिलेले सेक्टर) आणि १९७ (प्रलंबित सेक्टर) वाढत असतील तर ड्राइव्ह बदला. १९९ हा सीआरसीचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा बघून लोक यूएसबी केबल बदलतात. तो साटाच्या बाजूचा, म्हणजे ड्राइव्ह आणि ब्रिज चिप यांच्यामधला आहे. एन्क्लोजर उघडा, ड्राइव्ह कनेक्टरमध्ये घट्ट बसवा आणि आकडा वाढायचा थांबतो का पाहा.

पेन ड्राइव्हला स्मार्ट बहुतेक नसतंच. तिची क्षमता खोटी आहे का हे एफ३ या साधनाच्या एफ३राइट आणि एफ३रीडने कळतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू तेच काम करतं. अचानक ‘फक्त वाचा’ अवस्थेत गेलेली पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. आतल्या कंट्रोलरने दार लावून घेतलं आहे; वाचता येतंय तोवर प्रत काढा.

## टप्पा ६: फाइल सिस्टिम, सगळ्यात शेवटी

एफएससीके डिस्कवरून जे वाचतं ते खरं धरतं. ड्राइव्हपर्यंतचा दुवा (वीज, केबल, चिप) खराब असताना वाचलेलं चुकीचं असू शकतं, आणि मग ते चांगल्या नोंदी ‘दुरुस्त’ करून ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये टाकतं. म्हणून हा टप्पा इथे आहे.

ड्राइव्ह माउंट केलेली नाही याची खात्री करा. आधी ‘-एन’ पर्यायाने नुसती पाहणी करा. दोनदा चालवा. दोन्ही वेळा याद्या तंतोतंत सारख्या आल्या तरच ‘-एफ’ देऊन खरी दुरुस्ती करा. याद्या वेगळ्या आल्या तर दुवा अजून ठीक नाही, टप्पा २ पासून पुन्हा.

## टप्पा ७: पुन्हा होऊ नये म्हणून

पेन ड्राइव्हवर रोज लिहिणारी सिस्टिम ठेवू नका. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) तर मुळीच नाही. काही न करताही ते सतत लिहीत असतं. छोटी एसएसडी घ्या. माउंट पर्यायांत ‘नोएटाइम’ (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणारा) द्या, जर्नलच्या आकाराला मर्यादा घाला, स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची जागा) झेडरॅमवर, म्हणजे रॅममधल्याच दाबलेल्या जागेत, न्या. लाईट जाणं-येणं रोजचं असेल तर छोटा यूपीएस आणि त्याच्याशी बोलणारं एनयूटी हे सॉफ्टवेअर लावा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत मशीन स्वतः नीट बंद होईल.

एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलीत) डिस्कची नावं नव्हे, यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. डेटाच्या डिस्कना ‘नोफेल’ द्या, म्हणजे एखादी नसली तरी मशीन बूट होईल. पण त्यात एक खाचखळगा आहे. डेटाची डिस्क लागली नाही तर डॉकरचे कंटेनर (त्यात चालणारी ॲप्स) त्या रिकाम्या फोल्डरमध्येच, म्हणजे बूट ड्राइव्हवर, लिहायला लागतात आणि ती रातोरात भरते. म्हणून डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर कमांडने ‘+आय’ लावा. मग तिथे कुणालाच लिहिता येत नाही, कंटेनर लगेच एरर देतो आणि तुम्हाला वेळेत कळतं.

पायवर आणखी एक गंमत होते. बूटचा क्रम ०एक्सएफ४१ असेल तर तो उजवीकडून वाचला जातो: १ म्हणजे एसडी, ४ म्हणजे यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून. स्लॉटमध्ये जुनं कार्ड राहिलं तर मशीन त्याच्यावरून उठतं आणि ‘सर्व्हर सहा महिने मागे गेला’ असं वाटतं. कार्डाची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढली असेल तर दोघांचा पार्टयूयूआयडीही (विभागाचा ओळख क्रमांक) एकच असतो, आणि रूट (मुख्य फाइल सिस्टिम) कुठली धरायची याचा गोंधळ होतो. काम झालं की कार्ड काढून ठेवा.

## अनरेड वापरत असाल तर

अनरेड पेन ड्राइव्हवरून उठून रॅममध्ये चालतं, त्यामुळे ड्राइव्ह गेली तरी सर्व्हर काही काळ चालू दिसतो आणि सेटिंग साठवताना किंवा रीस्टार्टलाच बोंब होते. ड्राइव्ह नावाजलेल्या कंपनीची, यूएसबी २ पोर्टमध्ये. नखाएवढ्या धातूच्या ड्राइव्ह तापतात, त्या टाळा. सगळा जीव ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये असतो. ‘मेन’ पानावर ‘फ्लॅश’वर टिचकी मारून बॅकअप उतरवा आणि तो त्याच सर्व्हरच्या ॲरेवर (डिस्कच्या गटावर) ठेवू नका, ॲरे सुरू करायलाच तो लागणार आहे.

परवाना ड्राइव्हच्या ओळख क्रमांकाशी बांधलेला असतो. परवान्याची किल्ली नव्या ड्राइव्हवर नेली की जुनी ड्राइव्ह कायमची बाद होते, म्हणून आधी जुनी खरंच गेली आहे का हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा.

सावधान: बॅकअप जुना असेल आणि त्यानंतर डिस्कच्या जागा बदलल्या असतील तर ॲरे लगेच सुरू करू नका. डेटाची डिस्क पॅरिटीच्या (बिघडलेली डिस्क परत उभी करणाऱ्या डिस्कच्या) जागी गेली तर तिच्यावर पॅरिटी लिहिली जाते आणि डेटा संपतो. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि जागा यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

## अखेरची तपासणी

- एलएसयूएसबीच्या झाडात वेग अपेक्षित आहे.
- पायवर दहा जीबी लिहिल्यानंतरही गेट_थ्रॉटल्ड ०एक्स०.
- दोषाच्या नेहमीच्या अंतराच्या तिप्पट दिवसांत डीमेसेजमध्ये एकही रीसेट नाही.
- टप्पा ५ मधली इमेज दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून, मूळ ड्राइव्ह काढून ठेवून, त्या दुसऱ्या ड्राइव्हवरून सर्व्हर एकदा प्रत्यक्ष बूट करून पाहिला आहे. नुसती फाइल पडून आहे, याला बॅकअप म्हणू नका.